मानेखाली हालचाल नसलेल्या माणसाचा महिन्याचा खर्च

मणक्याच्या ऑपरेशनचं बिल कसंबसं भागतं. काही जन आरोग्य योजनेतून सुटतं, दागिने गहाण पडतात, व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरतो, भावकीतून वर्गणी जमते. मग डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीची काळजी’ अशा दोन-तीन ओळी घेऊन पेशंट घरी येतो. पुढच्या खर्चाला कुणी वर्गणी काढत नाही, कारण तो एकरकमी नसतो. रोज थोडाथोडा होतो आणि वर्षानुवर्षं होत राहतो.

हा लेख त्या पुढच्या खर्चाबद्दल आहे. मेंदूतल्या गुठळीमुळे शरीराची एक बाजू जाते तो पॅरालिसिस इथे धरलेला नाही. परांचीवरून पडलेला गवंडी, रात्री डिव्हायडरला धडकलेला दुचाकीवाला, विहिरीत पाणी कमी असताना सूर मारलेला पोरगा, यांचा मानेचा मणका मोडतो आणि चारही हातपाय जातात, ती अवस्था धरली आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या आजारपणात सगळ्यात महाग पडतात ते दुसऱ्या माणसाचे हात, आणि ते घरातल्याच बाईचे असले की कुणी हिशेबात धरत नाही.

मणका कितवा, यावर सगळं

मानेत सात मणके आणि तिथून निघणाऱ्या नसांच्या आठ जोड्या असतात. डॉक्टर त्यांना सी१ ते सी८ म्हणतात. तिसरी, चौथी आणि पाचवी जोडी मिळून श्वासपटल हलवतात, म्हणून त्याच्या वर इजा झाली तर श्वासालाही मशीन लागतं. सी४ पर्यंतच्या जोड्या शाबूत असतील (याला सी४ ची इजा म्हणतात) तर मान फिरते, खांदे उचलता येतात. सी५ असेल तर कोपर वाकतो, हात तोंडापर्यंत जातो, पण बोटांत पकड नसते. सी६ ला मनगट वर उचलता येतं. सी७ ला कोपर सरळ करण्याची ताकद असते, म्हणजे हातांवर भार देऊन पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकता येतं. सी४ आणि सी७ मध्ये जेमतेम काही इंचांचं अंतर. पण पहिल्या घरात कुणीतरी कायम थांबावं लागतं आणि दुसऱ्या घरातली बायको कामावर जाऊ शकते.

सी६ बद्दल एक गोष्ट घरच्यांना फार उशिरा कळते. मनगट वर उचललं की बोटं आपोआप आत वळतात, आणि त्या आपसूक पकडीत कप, ब्रश, भाकरीचा तुकडा धरता येतो. घरातली माणसं मायेने रोज बोटं चोळून, ताणून सरळ करतात. मनगट वर असताना बोटं पूर्ण ताणत राहिलात तर ती पकड सैल पडते आणि उरलंसुरलं कामही जातं. व्यायाम फिजिओने दाखवला असेल तसाच करा, जास्तीचा नको.

भेटायला येणारे हमखास मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेला हा सांगली जिल्ह्यातला सैनिक १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकतो. माणूस मोठाच. पण त्यांचे हात चालत होते. सी५ च्या पोराला ‘जिद्द ठेव’ म्हणून हे सांगणं म्हणजे त्याची इजा कितव्या मणक्याची, हे समजूनच न घेणं.

जी काही सुधारणा व्हायची असते, तिचा बराचसा भाग पहिल्या सहा ते बारा महिन्यांत दिसतो. नेमक्या याच काळात तेलमालीशवाले, मंत्रवाले आणि ‘स्टेम सेल’ (मूळ पेशी) टोचणारे घराचा पत्ता शोधत येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मणक्याच्या इजेसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत देता येतो, आणि चाचणीसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. एक एकर त्यापायी विकण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

नळी, आणि दुपारी बारा वाजता घरात कोण आहे

मूत्राशय भरल्याचं कळत नाही, आणि ते आपणहून नीट रिकामंही होत नाही. उपाय दोन. एक तर दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर काढायची. यासाठी निर्जंतुक ऑपरेशन थिएटर लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात पुरतात, हे अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. दुसरा उपाय म्हणजे फुगा असलेली फॉली नळी कायम आत ठेवायची आणि तिला युरोबॅग (लघवी साठवणारी पिशवी) लावायची. शक्य असेल तिथे डॉक्टर पहिला सुचवतात, कारण त्यात इन्फेक्शन कमी होतं आणि किडन्या सांभाळल्या जातात.

पण सी५ च्या माणसाला स्वतःच्या बोटांनी नळी धरता येत नाही. दर चार तासांनी दुसरं कुणी हवं. बायको शाळेत पोषण आहार शिजवायला जात असेल, आई शेतात असेल, तर दुपारची नळी घालणार कोण? म्हणून घरचे कायमच्या नळीवर येतात. ओपीडीत त्यांना ‘सांगितलेलं ऐकत नाही’ म्हणून बोलणी बसतात. त्यांनी ऐकलेलं असतं. दुपारी बाराला घरात माणूस नसतो, एवढंच.

आता पैसे. हे आकडे ढोबळ आहेत. गाव आणि दुकान बदललं की बदलतील. साधी बारीक नळी दहा ते तीस रुपयांना येते. दिवसाला पाच नव्या वापरल्या तर महिन्याला तीन हजारांच्या घरात जातं, म्हणून बहुतेक घरं एक नळी धुऊन, वाळवून काही दिवस वापरतात. तसं करत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कशी धुवायची, कधी टाकायची हे त्यांच्याकडून समजून घ्या. कायमची नळी लेटेक्सची असेल तर दोन-तीन आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉनची कितीतरी पट महाग, पण ती तीन महिन्यांपर्यंत चालू शकते आणि बदलायला येणाऱ्या सिस्टरचे पैसे किंवा दवाखान्यापर्यंतचं रिक्षाभाडं वाचतं. बऱ्याचदा महागडीच स्वस्त पडते.

इन्फेक्शन झालं तर जळजळ जाणवत नाही, कारण जाणीवच नसते. ताप येतो, लघवी गढूळ होते, वास येतो, आणि पायांना येणारे झटके एकाएकी वाढतात. पाय जास्त उडायला लागले की ‘ताकद येतेय वाटतं’ म्हणून घर आनंदतं, तेव्हा आधी बॅगेतली लघवी बघा.

शौचाचं वेळापत्रक लावावं लागतं: रोज किंवा एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, खाणं किंवा गरम चहा झाल्यावर. सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधी कांडी) ठेवायची, थोडं थांबायचं, ग्लोव्ह घालून बोटाने हलकं उत्तेजन द्यायचं. अर्धा तास ते तास जातो. वस्तूंचा खर्च फार नाही, पण तिशीतल्या मुलाचं हे काम साठीतली आई करते आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलत नाहीत. हे काम कुणाकडून करून घ्यायचं ते पेशंटला विचारा. बाकी काही नाही तरी एवढं त्याच्या हातात राहू द्या.

चामडी

ज्या भागाला जाणीव नाही, तिथे दाब पडला तरी मेंदूला निरोप जात नाही. आपण झोपेतही कूस बदलतो; त्याची बदलावी लागते. हाडाखाली दबलेल्या चामडीला रक्त मिळत नाही आणि काही तासांत ती मरायला लागते. माकडहाडाजवळ, टाचांवर, खुब्यावर, आणि बसणाऱ्यांच्या बैठकीच्या हाडांखाली. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोर सुरू झाला असं समजायचं आणि त्या बाजूवर अजिबात झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा; तो भाग शेजारच्यापेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतो.

हवा भरणारी गादी पंपासकट दोन ते पाच हजारांत मिळते. ती घ्याच, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि गादी बसते, त्यामुळे भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरचा खर्चही यातच धरा. मधे भोक असलेली रबरी ट्यूब अनेकजण मायेने आणून देतात. ती वापरू नका. तिच्या कडेने चामडीवर दाब वाढतो.

बेडसोर खोल गेला की खर्चाचं रूपच बदलतं. रोजचं ड्रेसिंग, अँटिबायोटिक, अंडी-डाळीचा वाढलेला आहार, मग चामडी फिरवून लावायचं ऑपरेशन, आणि त्यानंतर अनेक आठवडे पालथं किंवा कुशीवर पडून राहणं. खुर्चीत बसायला लागलेला माणूस पुन्हा पलंगावर येतो. हॉलिवूडचा नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला आणि त्याची मान मोडली. त्याच्याकडे पैसा, नर्सेस, उत्तम मशीन, सगळं होतं. २००४ मध्ये तो गेला तेव्हा चिघळलेल्या बेडसोरवर उपचार सुरू होते. तेव्हा आपल्या घरी एखादा बेडसोर झाला म्हणून सुनेला दोष देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

रात्री दर दोन तासांनी कूस म्हणजे अकरा, एक, तीन, पाच. हे करणारी व्यक्ती सहाला उठून पुन्हा स्वयंपाकाला लागते. पालथं झोपणं जमत असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्या स्थितीत चामडी जास्त वेळ तग धरते, आणि काही घरांना सलग चार तासांची झोप मिळते. या एका गोष्टीसाठी फिजिओकडे हट्ट धरा.

एक इमर्जन्सी, जी गावातल्या डॉक्टरलाही माहीत नसू शकते

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल तर शरीराच्या खालच्या भागातली साधी अडचणसुद्धा रक्तदाब भयंकर चढवू शकते. नळीला पीळ पडून मूत्राशय तुंबलं, मळाचा खडा अडकला, अंगठ्याचं नख आत रुतलं, पँट घट्ट झाली, एवढं पुरतं. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा आणि मान लाल होते, कपाळाला घाम फुटतो. अशा वेळी आडवं करू नका. ताबडतोब बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी बघा, मूत्राशय रिकामं करा. कारण सापडून दूर झालं की दाब बहुधा मिनिटांत उतरतो. उतरला नाही तर तडक दवाखाना. पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते.

यात एक फसगत होते. मानेची इजा असलेल्यांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते १०० च्या आसपासच असतो. त्याला १४० म्हणजे फार झालं, पण दवाखान्यात ‘थोडं वाढलंय’ म्हणून परत पाठवतात. म्हणून पेशंटचा रोजचा रक्तदाब आणि वरच्या चार ओळी एका कागदावर लिहून पलंगाजवळ लावा आणि जाताना तो कागद बरोबर न्या.

उन्हाळ्याचंही असंच. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. अकोला, चंद्रपूरच्या ४५ अंशांत पत्र्याच्या घरात असा माणूस दुपारभर ठेवता येत नाही. ओला टॉवेल, पाण्याची फवारणी, कूलर, हे त्याचं औषधच आहे. विजेचं बिल औषधांच्या रकान्यात लिहा.

कुठे पैसे घातले तर हात मोकळे होतात

खरेदी करताना मी एकच प्रश्न विचारीन: यामुळे घरातल्या कुणाचा किती वेळ सुटतो?

या कसोटीवर सगळ्यात वर येते ती तळहाताभोवती बांधायची, चमचा अडकवायला खाच असलेली पट्टी. गावातला चांभार चामड्याची शिवून देईल. सी५ चा माणूस तिच्यामुळे स्वतः जेवू शकतो, म्हणजे दिवसातून तीनदा कुणाचे तरी हात सुटतात. पलंगाला बांधलेली लांब नळीची पाण्याची बाटली, मराठीत बोलून टाइप करणारा फोन, मान हलवून वाजवता येईल अशी बेल, हे सगळं किरकोळ पैशांत होतं. सरकायची फळी सुताराकडून जाड प्लायची करून घ्या, कडा घासून गुळगुळीत. उंची कमी-जास्त होणारा पलंग महाग आहे, पण तो सांभाळणाऱ्याची कंबर वाचवतो, आणि तीच कंबर गेली तर पुढचा पर्याय पगारी माणूस.

व्हीलचेअर शिबिरात फुकट मिळते. एकाच मापाची, लोखंडी, जड. दवाखान्यात नेण्या-आणण्यापुरती ठीक, दिवसभर बसायला नाही. सीट ढगळ असली की माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकतो आणि एकाच हाडावर भार येऊन बेडसोर होतो. मापाची खुर्ची आणि हवेच्या कप्प्यांची उशी यांना मिळून पन्नास हजारांच्या पुढे सहज जातात. दोन्ही जमत नसेल तर आधी चांगली उशी घ्या, खुर्ची नंतर.

घरात मोजपट्टी घेऊन फिरा. खुर्चीची रुंदी बहुधा २४ ते २६ इंच असते आणि आपल्याकडे संडासाचं दार जेमतेम दोन फुटांचं. रॅम्पचा नियम एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा आहे, आणि ओट्यापुढे बारा फूट जागा असलेली घरं कमीच. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस वर्षातून दोनदा खाली उतरतो, चौघांच्या खांद्यावरून.

आता तालुक्याच्या गावातल्या, सी५ ची इजा असलेल्या एका काल्पनिक तरुणाचा महिना मांडून बघू. नळ्या, बॅग, जेली, ग्लोव्ह हजाराच्या आतबाहेर. डायपर, अंडरपॅड दीड हजार. झटक्यांसाठी बॅक्लोफेन, पोटाचं औषध आणि इतर गोळ्या हजार-दीड हजार, जेनेरिक घेतल्या तर कमी. फिजिओ आठवड्यातून तीनदा, चारशेच्या दराने, महिन्याला पाच हजारांच्या आसपास. सगळं मिळून नऊ हजार धरा. ब्युरोतून बारा तासांसाठी माणूस लावला, मावशी किंवा मामा, तर दिवसाला सहाशे धरले तरी अठरा हजार होतात. बाकी सगळ्याच्या दुप्पट, आणि तेही फक्त दिवसाचे. रात्रीच्या चार कुशी त्यात नाहीतच.

म्हणून कुणी लावत नाही. बायको काम सोडते, किंवा बहिणीचं शिक्षण थांबतं. प्रत्यक्ष हात लावायचं काम दिवसाला सहा-सात तासांचं असेल; पण घर सोडून सलग दोन तास कुठे जाता येत नाही, हे चोवीस तासांचं आहे. तिचा बुडालेला पगार कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून ‘आमचा खर्च नऊ हजार आहे’ असं घर खरंच मानून चालतं.

सरकार कुणाचे हात मोजतं

आरोग्य योजना आणि बहुतेक विमे दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाचे आहेत. बेडसोरचं ऑपरेशन त्यात बसू शकतं. बेडसोर टाळणारी गादी, नळ्या, डायपर बसत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचं नाव अनेकजण सुचवतात, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. निव्वळ मणक्याची इजा त्यात येत नाही. संजय गांधी निराधार योजनेत महाराष्ट्रात दिव्यांगांना २०२५ च्या अखेरपासून महिना अडीच हजार मिळतात, उत्पन्नाची अट पाळून. वरच्या हिशेबात त्यातून माणूस चार दिवस लावता येतो. आयकर भरणारं घर असेल तर ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वासाठी जुन्या करप्रणालीत सव्वा लाखाची वजावट आहे. या सगळ्याचं दार एकच, सिव्हिल हॉस्पिटलमधून होणारं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). ते आधी करा.

सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे मोजायचे असतात, हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला पेन्शनबरोबर मदतनीस भत्ता मिळतो. २०१७ मध्ये तो ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी योजना आहे. रक्कम तुटपुंजी, पण निदान तिच्या नावावर येते. त्याहून मोठं म्हणजे तिथे पंचायतींच्या मदतीने चालणाऱ्या घरपोच पॅलिएटिव्ह सेवेची (लांबलेल्या आजारातला त्रास कमी करणारी सेवा) नर्स येऊन नळी बदलते, जखम बघते. आपल्याकडे आशाताई प्रत्येक वाडीवर पोचतात, मग नळी बदलणारी सिस्टर का पोचू नये?

इजा एकच असली तरी कायदा ती कुठे झाली ते बघतो. वाहनाच्या अपघातात झाली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनीस धरले, दोघांचे मिळून महिना दहा हजार, आणि त्याच्या वर्षाच्या रकमेला १८ ने गुणून फक्त मदतनिसांपोटी २१ लाख ६० हजार दिले. कामावर परांचीवरून पडलेल्या गवंड्याला नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कामगार भरपाई कायदा लागू होता; आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. त्या जुन्या कायद्यात पगार कितीही असो, महिन्याला १५,००० च्या वर धरत नसत. वय ३० असेल तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला जास्तीत जास्त १८ लाख ७० हजारांच्या आसपास बसत आणि मदतनिसाचा वेगळा रकाना नव्हता. विहिरीत सूर मारलेल्या पोराला, ज्याच्यावर दावा लावावा असं कुणीच नसतं.

दावा करता येण्यासारखा असेल तर वेळ घालवू नका. १ एप्रिल २०२२ पासूनच्या वाहन अपघातांना सहा महिन्यांची मुदत आहे. ती उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. औषधांच्या बिलांच्या जाड फायली सगळेच आणतात. मदतनिसाचा पुरावा मात्र नसतो, कारण मावशीला रोख पैसे दिलेले असतात आणि बायकोने काम तोंडी सांगून सोडलेलं असतं. मावशीचे पैसे बँकेतून द्या किंवा दर महिन्याला सही घ्या. बायकोचा राजीनामा किंवा मालकाचं पत्र, त्याआधीच्या तीन पगारांची नोंद, आणि कूस, नळी, शौच, जेवण कुणी कधी केलं याची एक साधी वही, एवढं त्याच फायलीत घालून ठेवा.